पाणी ज्याचं त्याचं, मीठ सगळ्यांचं : दूधगंगाकाठच्या एका क्षारपड पट्टीचं प्रकरण

पहिल्यांदा ते म्हशीनं ओळखलं. आमच्या पट्टीच्या मधोमध तीस गुंठे रान असलेल्या आक्का रोज संध्याकाळी म्हशीला बांधाकडेच्या आडावर पाणी दाखवायच्या. एका उन्हाळ्यात म्हैस त्या पाण्याला तोंड लावेना. हुंगायची आणि मान फिरवायची. आक्कांनी आड उपसून घेतला, गाळ काढला, तरी तेच. त्याच महिन्यात त्यांच्या खोडव्याच्या वरंब्यांवर सकाळच्या उन्हात पांढरी साय दिसायला लागली. बोटानं खरवडून जिभेवर ठेवली तर खारट, आणि पाठोपाठ कडवट. रानाला मीठ फुटलं होतं.

हे रान बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दूधगंगेच्या काठी, सदलगा-बोरगाव भागात आहे. नदीच्या पलीकडे महाराष्ट्राचा शिरोळ तालुका. उतारा कन्नडमध्ये, बोलणं मराठीत, बाजार दोन्हीकडचा. गावाचं आणि माणसांची नावं मी देत नाही, कारण यात काही जणांनी चुका कबूल केल्या आहेत आणि त्यांना रोज एकमेकांच्या बांधावरून जायचं असतं. मी शाळामास्तर. साडेतीन एकर रान याच पट्टीत. चाळीसेक एकरांची ही पट्टी, सतरा खातेदार, आणि सगळ्यांच्या खालच्या अंगानं नदीकडे जाणारा एक ओढा. हिशेबाची वही माझ्याकडे होती म्हणून हे लिहायची जबाबदारीही माझ्याकडे आली.

आमच्या आजोबांच्या हयातीत इथं शाळू, भुईमूग आणि तंबाखू होता. निपाणी भाग तंबाखूचाच. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. त्या आंदोलनात उतरलेली म्हातारी माणसं अजून सांगतात, तेव्हा रान पावसावर होतं आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडायच्या. त्या भेगांची आम्हाला तेव्हा किंमत कळली नाही. काळी जमीन उन्हाळ्यात उलते, तापते, हवा खाते, आणि पहिल्या पावसात त्याच भेगांतून पाणी खोल जातं. बारमाही उसानं हे सगळं थांबवलं. दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण झालं. दूधगंगेच्या पाण्यात कर्नाटकाचा वाटा 4 टीएमसी. उन्हाळ्यात नदीला पाणी राहू लागलं, काठावर मोटारी बसल्या, आणि तंबाखू करणारी घरं एकामागून एक उसाकडे वळली. त्यांना दोष द्यायचं कारण नाही. हमखास तोडणी आणि हमखास बिल देणारं दुसरं पीक त्यांच्यापुढे नव्हतंच.

2008 पासून कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. लहान शेतकऱ्याला त्याचा आधार झाला, आणि आमच्या रानाचं नुकसानही त्याच वाटेनं आलं. थ्री-फेज वीज ठरावीक तासच येते, तीही बऱ्याचदा रात्री. थंडीत, सापाकिरड्याच्या भीतीनं, रात्री दोनला उठून बारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, कोण जाणार? म्हणून प्रत्येक पेटीत ऑटो स्टार्टर बसला. वीज आली की मोटार आपोआप चालू, गेली की बंद. मधले सगळे तास पाणी एकाच सरीत. पहाटे जाऊन बघावं तर वरची सरी तुडुंब, पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात. मीही हे वर्षानुवर्षं केलंय. बिल येत नाही, तेव्हा पाणी मोजायची सवय लागत नाही.

आता मिठाचं गणित. नदीचं पाणी गोडं असलं तरी त्यात थोडे क्षार असतातच. लिटरमागे पाव ग्रॅम धरा. एका एकरात वर्षभरात सगळं मिळून दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते 80 लाख लिटरांच्या वर जातं. म्हणजे वर्षाला एकरी दोन टन क्षार. पन्नास किलोची चाळीस पोती. ऊस पाणी पितो, मीठ जवळजवळ तसंच मागे ठेवतो. पाऊस भरपूर असला आणि जमीन निचऱ्याची असली तर ते खाली धुऊन जातं. आमच्याकडे पाऊस बेताचा आणि जमीन भारी काळी, पाणी झिरपायला अतिशय संथ. पाजलेलं पाणी खाली साचत गेलं, भूजलाची पातळी वर वर आली, आणि ती पाचेक फुटांच्या आत आली की केशाकर्षणानं मातीच्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं, उन्हानं उडतं आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जातं. आक्कांच्या रानात आम्ही हात-गिरमिटानं भोक पाडलं तेव्हा तीन फुटांवरच पाणी लागलं. त्यावर कुणी बराच वेळ काही बोललं नाही.

त्याआधीची सातआठ वर्षं प्रत्येकानं आपापल्या परीनं उपाय केले होते. ऊस पिवळा पडला की युरियाचं पोतं वाढायचं. कुणी नदीकाठची गाळमाती ओढून टाकली. दोन हंगाम बरे गेले आणि मीठ त्या मातीच्याही वर आलं. तिघांनी ट्रॉली-ट्रॉली जिप्सम टाकला. जिप्सम हे औषध खरं, पण ते चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या, जमिनीवरचं. ते मातीला चिकटलेलं सोडियम सुटं करतं, आणि सुटं झालेलं सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेलं तरच गुण येतो. बाहेर जायला वाटच नसेल तर जिप्समचे पैसे मातीत जातात. हे सांगणारा माणूस आम्हाला वेळेवर भेटला नाही. दुकानात मिळतो तो पोतं विकणारा.

सगळ्यात जास्त नुकसान उघड्या चरांनी केलं. वरच्या अंगाच्या दोघांनी बांधाला चर काढून आपलं पाणी खाली सोडलं. त्यांची रानं वाफशावर यायला लागली आणि खालच्या चौघांची पाणथळ झाली. चरात पाणकणीस माजलं. त्यावरून एका भावकीत दोन वर्षं बोलणं बंद होतं.

2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत महापूर आला. पाणी ओसरल्यावर सगळ्यांचं लक्ष पंचनाम्याकडे होतं. ऊस कुजला ते दिसलं. ओढा गाळानं भरला ते दिसलं नाही. 2021 च्या दिवाळीपर्यंत आमच्या चाळीसपैकी निम्म्याहून जास्त एकरांत लागण उगवेनाशी झाली. जिथं आजोबांच्या काळी शाळूची ताटं डोक्याच्या वर जायची, तिथं वेडी बाभूळ आणि लव्हाळा.

नदीपलीकडे शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकारानं, गणपतराव पाटील यांच्या नेतृत्वाखाली, क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याचं मोठं काम झालं आहे. शिरोळ पॅटर्न म्हणून ते ओळखलं जातं. आम्ही नऊ जण एका रविवारी टेम्पोनं बघायला गेलो. जिथं दहा-पंधरा वर्षं गवतसुद्धा नव्हतं त्या रानात ऊस उभा होता. तिथल्या एका शेतकऱ्यानं चेंबरचं झाकण उचललं, आत पाइपच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. तो म्हणाला, "पाव्हणं, ह्यो पाण्याचा आवाज आला की मला झोप लागती." परत येताना टेम्पोत सगळे एकदम बोलत होते.

पण तिथं कारखाना मध्ये होता, बँकेचं कर्ज लावून देणारी आणि वसुली करणारी यंत्रणा होती. आमच्या पट्टीतला ऊस तीन वेगवेगळ्या कारखान्यांना जातो. कुणालाच ही पट्टी आपली वाटत नाही. सरकारी कचेऱ्यांत आमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. जमीन शेती खात्याची, ओढा महसुलाचा, पाणी पाटबंधाऱ्याचं. शेवटी सतरा जणांनी ठरवलं की आपणच करायचं. पाइप, खणणं, चेंबर असा एकूण खर्च एकरी लाखाच्या पुढे जात होता. दीड एकरवाल्याच्या पोटात गोळा यावा असा आकडा. तरी पैशानं काम अडलं नाही. अडलं ते ओढ्यावर.

कारण सोपं आहे. पाइप चार फूट खोल टाकायचा. शंभर मीटरला दहा सेंटीमीटर उतार द्यायचा. पोटपाइप मुख्य पाइपला मिळणार, मुख्य पाइप उतरत उतरत ओढ्याला. म्हणजे तोंडाशी तो साडेपाच फुटांच्या आसपास खाली असणार, आणि ते तोंड पाण्याच्या वर उघडं राहायला हवं. ओढा सात फूट तरी खोल पाहिजे. होता तीन. खालच्या तीनशे मीटरांत तर तो ओढा राहिलाच नव्हता, पाच फूट रुंदीचा दंड झाला होता, आणि दोन्ही बाजूंनी ऊस त्यात उतरला होता.

तिथलं रान आप्पांचं. आप्पा कन्नड बोलणारे, आमच्यापेक्षा मराठी शुद्ध बोलतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आम्ही सात जण त्यांच्या कट्ट्यावर गेलो. चहा झाला. मग मी ओढा रुंद करायचं बोललो. आप्पांनी विचारलं, "मास्तर, माझ्या वडलांच्या वेळी तुमच्या पट्टीतनं या हळ्ळात उन्हाळ्यात पाणी यायचं का?" हळ्ळ म्हणजे कन्नडमध्ये ओढा. मी म्हणालो, नाही. "मग हे पाणी कुणाचं? तुम्ही नदीतनं उचललं, तुमच्या रानात जिरवलं, त्यात मीठ झालं. आता ते माझ्या विहिरीशेजारनं नेणार."

आमच्यातला एक तरुण उसळला, अतिक्रमण काढायला तहसीलदाराकडे जाऊ म्हणाला. आक्का आमच्याबरोबर होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "गप बस बाळ. ते बरोबर बोलायल्यात." आणि खरंच, बरोबर होतं. आप्पांनी ओढ्याची जागा खाल्ली होती. आम्ही आमचं मीठ त्यांच्या दारात सोडायला निघालो होतो. कायद्यात पहिली गोष्ट बसते, दुसरी बसत नाही, म्हणून आम्हाला आपली बाजू मोठी वाटत होती. त्या रात्री मी घरी येऊन वहीत लिहिलं, आप्पांचा प्रश्न सोडवल्याशिवाय पाइप टाकायचा नाही. सगळ्या प्रकरणात हे एक वाक्य लिहिल्याचं मला समाधान आहे.

पुढे चार बैठका झाल्या. ठरलं ते असं. ओढा मूळ मोजणीप्रमाणे रुंद आणि सात फूट खोल करायचा, खर्च सतरा जणांचा. आप्पांचे आठ-नऊ गुंठे उसाखालून जाणार, त्या बदल्यात त्यांच्या दोन एकरांत आमच्याच खर्चानं पाइप टाकायचा, कारण त्यांचंही रान खालून ओलंच होतं, ते फक्त बोलत नव्हते. काढलेला गाळ आधी तपासायचा, खारा नसेल तेवढाच त्यांच्या रानात पसरायचा. आणि शेवटची अट आप्पांची: दर महिन्याला निचऱ्याच्या पाण्याची आणि त्यांच्या विहिरीची क्षारता मोजायची, वहीत लिहायची, दोघांनी सही करायची. विहिरीचा आकडा वाढला तर पाइपाचं तोंड बंद. क्षारता मोजायचा पेनासारखा मीटर आम्ही ऑनलाइन मागवला. सगळ्या खर्चात तो सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त भांडणं त्यानंच मिटवली.

आक्कांकडे वाट्याचे पैसे नव्हते. मुख्य पाइप त्यांच्या रानातून गेल्याशिवाय पलीकडचे सहा जण कोरडे होत नव्हते. त्यांचा वाटा बाकीच्यांनी घातला आणि उसाच्या बिलातून तीन हंगामांत फेडायचा ठराव झाला. त्यांनी दोनच हंगामांत फेडला.

काम 2022 च्या उन्हाळ्यात, ऊस तुटून गेल्यावर, भूजल सगळ्यात खाली असताना केलं. पोटपाइप 80 मिलिमीटरचे, कापडी जाळी गुंडाळलेले, तीस मीटर अंतरावर. म्हणजे एकरी सुमारे 135 मीटर. मुख्य पाइप 160 चा. खणाई ओढ्याकडून सुरू करून वर जायचं, म्हणजे चरात लागलेलं पाणी मागच्या मागे वाहून जातं. उतार लेझर लेव्हलनं धरला. दोन ठिकाणी चालकानं घाई केली, पाइपाला पोट पडलं, आणि तिथं गाळ साचून पुढच्याच वर्षी उकरावं लागलं. पहिल्या पोटपाइपातून धार आली तेव्हा मीटरवर 7 च्या वर आकडा होता. क्षारतेचं हे माप डेसीसायमनमध्ये असतं. सिंचनाला 2.25 डेसीसायमनच्या वरचं पाणी वाईट समजतात, यावरून अंदाज यावा. आक्कांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्येच ते. म्हशीला कळलं हुतं."

पाइप टाकला की काम झालं असं समजणाऱ्यांचं पुढच्या वर्षी डोकं फिरतं. पाइप नुसती वाट देतो. मीठ धुवावं लागतं. रान समपातळीत घेतलं, वाफे बांधले, पावसाचं पाणी वाफ्यात साचवून जिरवलं. हिरवळीसाठी ताग टाकला तो उगवलाच नाही. धैंचा मात्र कमरेएवढा आला, तो गाडला. जिथं माती चोपण होती तिथं आता जिप्सम टाकला आणि या वेळी तो लागू पडला. पहिला ऊस 265 जातीचा केला, क्षार सोसतो म्हणून. तिसऱ्या वर्षी निचऱ्याच्या पाण्याचा आकडा 3 च्या खाली आला. ज्या रानात एकरी पंधरा-वीस टन निघत होते तिथं चाळीसच्या पुढे गेले. भावकीतलं बोलणं सुरू झालं ते कुठल्या महिन्यात, ते मात्र वहीत नाही.

सगळं सरळ झालं नाही. पट्टीच्या आग्नेय कोपऱ्यातले दोन एकर अजून धरत नाहीत. तिथं मातीत इतकं सोडियम आहे की पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही. 2024 च्या पावसाळ्यात नदी फुगली, ओढ्यात उलटं पाणी आलं आणि पाइपाच्या तोंडात गाळ बसला. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: सतरापैकी सहा जणांनीच ठिबक केलं. बाकीचे आजही ऑटो स्टार्टरवर आहेत. निचरा झाल्यावर काहींचा हात उलट सैल झाला, पाणी जास्त झालं तरी पाइप आहे की. हे मला सहन होत नाही. वरून ओतायचं आणि खालून काढायचं, याला सुधारणा म्हणायची माझी तयारी नाही. वीज मोफत ठेवायचीच असेल तर ती दिवसा द्या, निदान माणूस बाऱ्यावर उभा तरी राहील. एवढी साधी मागणी आम्ही प्रत्येक बैठकीत लिहून देतो.

दुसरा प्रश्न आप्पांनी कट्ट्यावर विचारला होता तोच, फक्त मोठा झालेला. आमचं मीठ आप्पांच्या विहिरीत गेलं नाही, ते दूधगंगेत गेलं. दूधगंगा पुढे कृष्णेला मिळते. खाली गावं आहेत, त्यांच्या पाणी योजना आहेत. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते तेव्हा हे पाणी जाणवतही नाही. पण फेब्रुवारीनंतर नदी बंधाऱ्यांत तुंबून उभी असते, तेव्हा तेच पाणी भारी पडतं. म्हणून गेल्या वर्षी आम्ही शेवटच्या चेंबरमध्ये बूच बसवलं. दिवाळी झाली की बूच लावायचं. भूजल थोडं वर राहतं, उसाची एखादी पाळी वाचते, आणि उन्हाळ्यात खारं पाणी नदीत जात नाही. पाऊस लागून नदी वाहती झाली की बूच काढायचं. पाणी साडेतीन फुटांच्या वर आलं तर मध्येच थोडं सोडायचं. त्यासाठी रानात तीन ठिकाणी भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप उभे केलेत, दोरीला दगड बांधून पातळी मोजतो.

चेंबर आक्कांच्या बांधावर आहे, त्यामुळे बूच त्यांच्या ताब्यात. मृगाच्या पावसानंतर नदीला पाणी आलं तसा आप्पांचा फोन आला. "मास्तर, बूच काढायच्या आधी माझी विहीर मोजा." मीटर घेऊन गेलो. बादली त्यांनी स्वतः ओढली. आकडा 0.9. मी लिहिला, आप्पांनी चष्मा लावून वाचला आणि खाली कन्नडमध्ये सही केली. मग आक्का गुडघ्यावर हात ठेवून चेंबरपाशी खाली बसल्या आणि त्यांनी बूच ओढलं.